गुंतवणूक म्हणून घर घेताना: अडकणारा पैसा आणि कर्जाची निवड

राहण्यासाठी घेतलेले घर थोडे महाग पडले तरी निभावून जाते, कारण त्याचा मोबदला आपण रोज त्यात राहून घेत असतो. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या घराला ही सूट नसते. त्याने भाडे आणले पाहिजे किंवा विकताना नफा दिला पाहिजे, आणि तोपर्यंत त्याचा हप्ता, सोसायटीची वर्गणी आणि मिळकतकर यांचा भार आपल्या पगाराने पेलला पाहिजे. नवख्या गुंतवणूकदाराला बहुधा एकच चिंता असते, ती म्हणजे भाव पडतील का. माझ्या पाहण्यात मात्र भाव पडून बुडालेल्यांपेक्षा पैसा अडकून थकलेल्यांची संख्या मोठी आहे. ताबा लांबतो, सातबाऱ्यावर कुणाचा तरी हक्क निघतो, भाडेकरू मिळत नाही किंवा विकायला काढल्यावर गिऱ्हाईक फिरकत नाही, आणि या सर्व काळात बँकेचा हप्ता मात्र न चुकता खात्यातून वळता होत राहतो. म्हणून पुढील प्रत्येक जोखीम आणि प्रत्येक कर्ज मी एकाच प्रश्नावर तपासणार आहे: ताबा नाही, भाडे नाही, गिऱ्हाईक नाही, अशा स्थितीत आपण किती महिने तग धरू शकतो?

आधी कागदावरचा हिशेब

समजा, पिंपरी-चिंचवडमध्ये भोगवटा प्रमाणपत्र (इमारत पूर्ण होऊन राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेला ६० लाख रुपयांचा तयार फ्लॅट घ्यायचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांच्या वर गेले तर ७५ टक्क्यांपर्यंतच देता येते. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरली जात नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात बँक जास्तीत जास्त ४८ लाख देईल. उरलेले १२ लाख, ७ टक्के दराने मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, असे १६ लाख ५० हजार रुपये स्वतःच्या खिशातून जातील. खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर निवासी घरावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे साठ हजार रुपये विसरू नयेत. हाच फ्लॅट बांधकाम चालू असताना घेतला, तर वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३ लाख. वकील, सोसायटीची अनामत, पंखे, गीझर आणि रंगकाम यांचा खर्च निराळा.

आता हप्ता पाहू. ४८ लाखांवर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. अशा फ्लॅटला महिना १६ हजार भाडे मिळाले असे धरू. वर्षात एक महिना घर रिकामे राहिले, सोसायटीला महिना तीन हजार आणि मिळकतकरापोटी वर्षाला बारा हजार गेले, तर हातात वर्षाला १ लाख २८ हजार, म्हणजे महिन्याला जेमतेम पावणेअकरा हजार उरतात. उरलेले ३१ हजार दरमहा पगारातून घालावे लागतील. पाच वर्षांत ही भर १८ लाख ६० हजारांवर जाते आणि तरीही कर्जाची बाकी सुमारे ४२ लाख ३० हजार असते. आरंभी घातलेले साडेसोळा लाख त्यात मिळवले, तर पाच वर्षांनी घर साधारण ७७ लाख ४० हजारांना विकले गेले तरच आपण घातलेला रुपया ना नफा ना तोटा परत मिळतो. याचा अर्थ भाव दरवर्षी सव्वापाच टक्के वाढला तर आपण फक्त बरोबरीत सुटतो. दलाली, भांडवली नफ्यावरचा कर आणि मुदत ठेवीत मिळाले असते ते व्याज यात धरलेलेच नाही.

हा हिशेब कुणाला घाबरवण्यासाठी मांडलेला नाही. ज्या भागात भाव याहून वेगाने वाढण्याला ठोस कारण आहे, जसे मेट्रोचे प्रत्यक्ष सुरू झालेले स्थानक किंवा नोकऱ्या आणणारी औद्योगिक वसाहत, तिथे गणित जमू शकते. परंतु जाहिरातीतील प्रस्तावित रिंगरोड आणि प्रस्तावित विमानतळ हे ठोस कारण नव्हे. पुरंदरच्या विमानतळाच्या नावावर किती प्लॉट किती वर्षे विकले गेले, हे पुणेकरांना सांगायला नको.

जमिनीच्या कागदांतील जोखीम

कर्जाचा दर अर्धा टक्का कमी मिळावा म्हणून चार बँका फिरणारा माणूस अनेकदा सातबारा स्वतः वाचत नाही. पैसा सर्वांत जास्त काळ अडकतो तो इथेच, म्हणून या भागावर मी जरा रेंगाळणार आहे.

सातबारा उताऱ्यावर सर्वांत आधी भूधारणा पद्धत पाहावी. तिथे ‘भोगवटादार वर्ग १’ असेल तर जमीन सामान्यतः मालकाला मोकळेपणाने विकता येते. ‘वर्ग २’ असेल तर सरकारने अटींवर दिलेली जमीन असून हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, लागतो. त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा. गावच्या पतपुरवठा सोसायटीचा किंवा बँकेचा कर्जबोजा, कुळाचे नाव, बहिणींचे वारसहक्क, न्यायालयीन दाव्याची नोंद हे सर्व तिथे असते. नुसता चालू सातबारा पुरत नाही. त्यामागचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, मागे मागे जाऊन पाहावे लागतात आणि वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा लागतो. गावठाणातील किंवा शहरातील मिळकतीसाठी सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका असते. विकणाऱ्याच्या वडिलांचे निधन झालेले असेल आणि वाटणीपत्र किंवा बहिणींचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर ‘त्या काही म्हणणार नाहीत’ या तोंडी आश्वासनावर विसार देऊ नये. भाव वाढला की म्हणणारे पुढे येतातच.

शहराबाहेरचे गुंठ्यांतले प्लॉट हा नवख्यांचा आवडता सापळा आहे, कारण तिथे तीन-चार लाखांतही ‘जमीनमालक’ होता येते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि तुकडेबंदी कायद्यामुळे ठरावीक प्रमाणापेक्षा लहान तुकड्याच्या व्यवहारावर बंधने आली. त्यात वेळोवेळी सवलती दिल्या गेल्या असल्या, तरी आपला विशिष्ट तुकडा त्या सवलतीत बसतो का हे वकिलाकडून लेखी घ्यावे. ही बंधने चुकवण्यासाठी सामाईक सातबाऱ्यावर दहा-बारा जणांची नावे चढवणे, किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून कुलमुखत्यारपत्र हातात ठेवणे असे मार्ग काढले जातात. केवळ कुलमुखत्यारपत्राने स्थावर मिळकतीची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. अशा प्लॉटला बँक कर्ज देत नाही, आणि जिथे बँक कर्ज देत नाही तिथे उद्या आपल्याकडून घेणाऱ्यालाही कर्ज मिळणार नाही, म्हणून विकताना गिऱ्हाईक फक्त रोखवाले उरते. स्वतःला कर्जाची गरज नसली तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्जासाठी विचारणा करून पाहावी, असे मी म्हणतो ते याच कारणाने. बँकेच्या वकिलाचा नकार हा आपल्याला मिळालेला सर्वांत स्वस्त सल्ला असतो.

जमीन बिगरशेती असली तरी विकास आराखड्यात तिच्यावर रस्त्याचे किंवा उद्यानाचे आरक्षण आहे का, हे झोन दाखल्यावरून पाहावे. सांगली-कोल्हापुरात आणि पुण्यात नदीकाठची निळी व लाल पूररेषा, देहूरोडसारख्या लष्करी आस्थापनांभोवतालचा रेड झोन, आणि कोकणात किनारा नियमन क्षेत्र यांमुळे बांधकाम अडते. सिडको किंवा एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्याची असते. तिथे हस्तांतरणासाठी परवानगी आणि शुल्क लागते, ते खरेदीच्या हिशेबात आधीच धरावे.

गोव्यात घर किंवा भूखंड घेण्याची हौस मुंबई-पुण्यात वाढली आहे. तिथे सातबाऱ्याऐवजी एक-चौदाचा उतारा असतो, भूखंड घरे बांधता येणाऱ्या वसाहत क्षेत्रात आहे का आणि त्याची बिगरशेती वापराची सनद झाली आहे का हे पाहावे लागते, आणि गोव्याच्या नागरी संहितेमुळे विवाहित विक्रेत्याच्या जोडीदाराची संमती व सही नसेल तर व्यवहार धोक्यात येतो. जागेत कोणी मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून असलेला माणूस, राहत असेल तर त्याचे हक्क कायद्याने संरक्षित आहेत. तेव्हा गोव्यातील व्यवहार गोव्यातील वकिलाकडूनच तपासून घ्यावा.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेताना

स्थावर संपदा कायदा २०१६ चा, आणि त्याखालील राज्याचे नियामक प्राधिकरण महारेरा २०१७ पासून काम करते आहे. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी बंधनकारक आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आणि विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतील प्रत्यक्ष वापरायच्या जागेवर, होते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून मूळ ताबा तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख, दोन्ही पाहाव्यात. मुदतवाढ एकदा झालेली असेल तर कारण विचारावे. दोनदा झालेली असेल तर दुसरा प्रकल्प पाहावा.

परंतु महारेरा क्रमांक म्हणजे इमारत अधिकृत असल्याची हमी नव्हे. कल्याण-डोंबिवलीत बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रे जोडून ६५ इमारतींची महारेरा नोंदणी मिळवली गेल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. त्यांत कर्ज काढून घर घेतलेली कुटुंबे राहत होती. यावरून एक साधी सवय लावून घेता येते: बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या किंवा प्राधिकरणाच्या नगररचना विभागाकडून तो खरा आहे का, आणि आपला मजला त्या प्रमाणपत्रात येतो का, याची स्वतंत्रपणे खात्री करणे. काही इमारतींत प्रारंभ प्रमाणपत्र पहिल्या दहा मजल्यांचेच असते आणि विक्री सोळाव्या मजल्याची चाललेली असते.

ताबा उशिरा मिळाल्यास व्याज मागण्याचा किंवा पैसे परत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क कायद्याच्या कलम १८ ने दिला आहे. हक्क खरा आहे, पण आदेश मिळाल्यानंतर वसुली अधिपत्र जिल्हाधिकाऱ्यांमार्फत बजावले जाऊन पैसे हातात येईपर्यंत बराच काळ जातो. त्या काळाची किंमत काढून पाहा. ४८ लाखांचे कर्ज पूर्ण वितरित झाले असेल आणि आपण फक्त व्याज, म्हणजे प्री-ईएमआय, भरत असाल, तर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला ३४ हजार जातात. ताबा दोन वर्षे लांबला तर ८ लाख १६ हजार रुपये गेले, आणि मुद्दल एक रुपयानेही कमी झालेली नाही. राहते घर भाड्याचे असेल तर ते भाडे वेगळेच. म्हणून पहिलीच गुंतवणूक असेल तर भोगवटा प्रमाणपत्र झालेले घर घ्यावे, भले ते काही टक्क्यांनी महाग पडो, असे माझे मत आहे. त्यावर जीएसटी नाही आणि भाडे पहिल्या महिन्यापासून सुरू होऊ शकते, त्यामुळे महागाईचा बराचसा भाग तिथेच भरून निघतो.

कर्जाचे पर्याय

साधे गृहकर्ज हाच बहुतेकांसाठी सर्वांत स्वस्त मार्ग आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी, बहुतेक ठिकाणी रेपो दराशी (ज्या दराने रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते), जोडलेली असतात. गृहवित्त कंपन्यांचा दर मात्र त्यांच्या स्वतःच्या आधारदरावर ठरतो, त्यामुळे दर कमी होताना तिथे वाट पाहावी लागू शकते. मंजुरीपत्रात आजचा दर पाहण्याबरोबरच रेपोवर किती टक्के वाढवून तो आला आहे हेही पाहावे, कारण तो फरक पुढे वर्षानुवर्षे आपल्यासोबत राहतो.

बदलत्या दराची जोखीम नवख्यांना एकदम कळत नाही, ती एका हिशेबाने कळेल. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्के झाला, म्हणजे नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्क्यांची वाढ. त्याआधी कुणी पावणेसात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५० लाख घेतले असतील, तर हप्ता सुमारे ३८,०१८ रुपये होता. दर सव्वानऊवर गेल्यावर फक्त एका महिन्याचे व्याजच सुमारे ३८,५४२ रुपये होते. जुना हप्ता तसाच ठेवला असता तर व्याजही भागले नसते आणि कर्ज भरता भरता वाढले असते. म्हणून बँकांनी अनेकांच्या मुदती लांबवल्या किंवा हप्ते चढवले. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, याचा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. पेलत असेल तर हप्ता वाढवून घ्यावा. २०२५ मध्ये रेपो पुन्हा सव्वापाचपर्यंत उतरला, पण कर्ज घेताना आजच्या दराने नव्हे तर त्याहून अडीच टक्के अधिक दराने हप्ता काढून तो झेपतो का हे पाहावे. वैयक्तिक कर्जदाराने बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले तर दंड आकारता येत नाही, हा मोठा दिलासा आहे; बोनस आला की मुद्दल कमी करावी, विशेषतः पहिल्या सात-आठ वर्षांत, कारण हप्त्यातला व्याजाचा वाटा तेव्हा सर्वाधिक असतो.

काही बँका ओव्हरड्राफ्ट स्वरूपाचे गृहकर्ज देतात. त्यात आपले जास्तीचे पैसे कर्जखात्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडल्यास ते परत काढता येतात. दर थोडा जास्त असतो, तरीही गुंतवणूकदाराला हा प्रकार सोयीचा आहे, कारण आणीबाणीची शिल्लक आणि कर्जाची परतफेड या दोन्ही गोष्टी एकाच पैशातून साधतात. ज्यांची शिल्लक खात्यात टिकत नाही त्यांनी मात्र साधेच कर्ज घ्यावे.

राहते घर तारण ठेवून मालमत्ता कर्ज काढायचे आणि त्यातून दुसऱ्या घराचा स्वतःचा वाटा भरायचा, हा सल्ला अलीकडे फार ऐकू येतो. त्याचा दर गृहकर्जापेक्षा जास्त, मुदत कमी आणि घराच्या किमतीच्या तुलनेत मिळणारी रक्कमही कमी असते. पण खरी अडचण दराची नाही. गुंतवणुकीचे घर फसले तर ते विकून मोकळे होता येते. राहते घर गहाण टाकले असेल तर एका चुकीत दोन्ही घरे अडकतात. वैयक्तिक कर्जातून स्वतःचा वाटा भरणे याहूनही वाईट, कारण तीन ते पाच वर्षांत फेडायच्या त्या कर्जाचा हप्ता ऐन सुरुवातीच्या, भाडे नसलेल्या काळातच अंगावर येतो. सोनेतारण त्यातल्या त्यात बरे, पण ते काही महिन्यांची तफावत भरण्यापुरतेच, उदाहरणार्थ मुदत ठेव पूर्ण होईपर्यंत.

विकासकाकडून येणाऱ्या ‘आता २० टक्के, उरलेले ताब्यावर’ अशा योजनांबद्दल सावध राहावे. यांतल्या काहींत उरलेली रक्कम बँक कर्ज म्हणून आधीच विकासकाला देते आणि ताब्यापर्यंतचे व्याज विकासक भरतो. त्याने भरणे थांबवले की बँक कर्जदाराच्या, म्हणजे आपल्याच दाराशी येते. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना कर्जवितरण बांधकामाच्या टप्प्यांशी जोडण्यास सांगितले आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना विकासकाने व्याज भरण्याच्या योजनांवर कर्ज देऊ नये असे कळवले, ते याच अनुभवामुळे. विकासक खरोखरच ताब्यापर्यंत थांबणार असेल आणि मधल्या काळात आपल्या नावावर कर्ज नसेल, तर योजना चांगली. पण मग किंमत वाढवलेली नाही ना, हे त्याच इमारतीतील इतर व्यवहारांची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या किमतीचा सरकारी उतारा, काढून तपासावे.

भाऊ-बहीण किंवा मित्र मिळून घेत असतील तर खरेदीखतात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहावा, आणि एकाला बाहेर पडायचे असल्यास दुसऱ्याने कोणत्या भावाने घ्यायचे हे वेगळ्या करारात ठरवावे. मालक नसताना केवळ पात्रता वाढावी म्हणून सहकर्जदार होणे टाळावे, कारण त्यात हक्क काही मिळत नाही आणि देणे मात्र पूर्ण राहते. कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा चिकटवला जातो, तो सक्तीचा नसतो. साधा मुदतीचा विमा बाहेरून घेतला तर बहुधा स्वस्त पडतो.

लिलावातील घरे स्वस्त दिसतात, पण ती ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळतात. बोली जिंकल्यावर अनामतीसह २५ टक्के रक्कम लगोलग आणि उरलेली साधारणपणे विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायची असते. एवढ्या अवधीत कर्ज मंजूर होईलच असे नाही, आणि आत राहणारा माणूस, सोसायटीची थकबाकी व कर्ज वसुली न्यायाधिकरणातील प्रलंबित अर्ज हे आपल्या वाट्याला येतात. पहिल्या खरेदीसाठी हा रस्ता नव्हे.

व्यवहाराच्या वेळी

विसार देण्याआधी विसारपावतीत एक अट आवर्जून घालावी: मिळकतीच्या कागदांतील दोषामुळे बँकेने कर्ज नाकारले तर विसाराची पूर्ण रक्कम ठरावीक दिवसांत परत मिळेल. साठेखतातही, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री करारातही, हीच अट पुन्हा यावी. रोखीचा आग्रह असेल तर व्यवहार सोडावा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे कायद्याने मना आहे, आणि कमी किंमत दाखवलेल्या घराला कर्जही कमीच मिळते. करारातील किंमत सरकारी मूल्यदरापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर विक्रेत्याला देताना एक टक्का करकपात करून ती सरकारात भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची आहे. विक्रेता परदेशात राहणारा असेल तर नियम वेगळे असून कपात बरीच मोठी असते. तिथे सनदी लेखापालाशिवाय पुढे जाऊ नये.

भाडे आणि विक्री

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे व ते करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच आकारू शकते. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत घर भाड्याने दिल्यावर राहत नाही, हे आमच्याकडचे अनेक जण विसरतात.

भाड्याच्या उत्पन्नातून मिळकतकर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. जुन्या करप्रणालीत घराचा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत भाड्याच्या घराच्या व्याजाची वजावट भाड्याच्या उत्पन्नापुरतीच राहते. ‘करात वाचेल’ म्हणून घर घेणाऱ्याने आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे आधी पाहावे. दोन वर्षांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो आणि महागाई निर्देशांकाचा लाभ मिळत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मिळकतीला निवासी व्यक्तीसाठी निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय आहे. दोन वर्षांच्या आत विकल्यास नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवला जातो.

पहिल्या भागातील ३१ हजारांची मासिक भर जड वाटत असेल, तर स्थावर मिळकतीतील गुंतवणूक घर घेऊनच करावी असे नाही. सेबीच्या नियमांखालील आणि शेअर बाजारात नोंदलेले रीट, म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करणारे न्यास, तो पैसा कार्यालये व मॉल यांत गुंतवतात. पहिले रीट २०१९ मध्ये नोंदले गेले आणि आज त्याचे एक युनिटही विकत घेता येते. त्यांना बहुतांश मालमत्ता पूर्ण झालेल्या व भाडे देणाऱ्या इमारतींतच ठेवावी लागते आणि वाटपयोग्य रोख रकमेच्या किमान ९० टक्के युनिटधारकांना द्याव्या लागतात. बाजारभाव खाली-वर होतो, कर्जाचा आधार घेऊन मोठी झेप घेता येत नाही, पण चार दिवसांत विकून बाहेर पडता येते.

घर घ्यायचेच ठरले, तर हप्ता आणि देखभाल मिळून किमान बारा महिन्यांची रक्कम, आपल्या उदाहरणात सुमारे साडेपाच लाख, वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय साठेखतावर सही करू नये. बांधकाम चालू असेल तर हीच रक्कम दुप्पट धरावी. खरेदीखत झाल्यावर सोसायटीच्या भाग दाखल्यावर, वीजबिलावर आणि मिळकतकराच्या नोंदीत नाव लावून घ्यावे, आणि बँकेकडे ठेवलेल्या मूळ कागदांची सही-शिक्क्याची यादी जपून ठेवावी. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते कागद परत देणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई मागता येते.